आधी तेल, मग पीठ

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात चेहऱ्याच्या काळजीचा विषय निघाला की संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची पूड हटकून पुढे येते. गाल कोरडे, हिवाळ्यात फुटणारे, आणि तरीही नाकाच्या कडेला नि हनुवटीवर रंध्रे बुजून काळे ठिपके. अशा चेहऱ्यावर ती पूड दुधात कालवून घासायची, आणि हा उपाय पिढ्यान्‌पिढ्यांचा म्हणून सांगायचा. माझ्या मते इथला खरा वारसा ती पूड नव्हे. आधी तेल, मग डाळीचे पीठ आणि शेवटी पाणी, हा क्रम म्हणजे तो वारसा. संत्रा त्या मानाने नवा. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकात, तो विदर्भात रुजला असे मानतात. वरुडाकडे बागांचा विस्तार झाला तो विहिरी आणि पुढे पंप आल्यावर, आणि नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१४ साली. तीळ, जवस, करडई आणि हरभरा मात्र या काळ्या जमिनीत कितीतरी आधीपासून आहेत.

क्रमाचा पुरावा जुना आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग आधी येतो, चूर्ण चोळण्याचे उद्वर्तन त्यानंतर आणि स्नान शेवटी. तो ग्रंथ वऱ्हाडातला नाही, हे खरे. पण महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचे रिद्धपूर वरुडाशेजारच्या मोर्शी तालुक्यातले, आणि त्या पंथाच्या लीळांमध्ये, म्हणजे चरित्रप्रसंगांमध्ये, मर्दन आणि स्नान यांची जोडी पुन्हा पुन्हा भेटते. घरोघरी हा क्रम टिकला तो नरकचतुर्दशीच्या उटण्यात, लग्नाच्या हळदीत आणि बाळाच्या न्हाणीत. त्यातली न्हाणी सर्वांत मोलाची, कारण ती सणापुरती नव्हती. पाटावर पाय पसरून बसलेली आजी किंवा सुईण बाळाच्या अंगात कोमट तेल जिरवते, मग दुधात कालवलेले पीठ हलक्या हाताने फिरवते. पीठ तेल पिऊन घट्ट होते, त्याच्या बारीक वळ्या सुटू लागतात, आणि त्यांच्याबरोबर मळ व मेलेली कातडी निघते. बुजलेल्या रंध्रात असते तरी काय? त्वचेचेच घट्ट झालेले तेल आणि वेळेवर न गळलेल्या मृत पेशी. तेल त्या गठ्ठ्याला मऊ करते, पीठ जादा तेल टिपून घेते, आणि त्वचेचा स्वतःचा ओलावा बऱ्याच अंशी शाबूत राहतो.

हा क्रम मोडला तो साबणाने. १८६७ पर्यंत भुसावळहून नागपूरकडे रेल्वे पोचली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाऊ लागला आणि मुंबईचा माल परत येऊ लागला. १९१६ मध्ये म्हैसूर सरकारचा साबण कारखाना उभा राहिला, पाठोपाठ गोदरेजचा वनस्पती तेलांचा साबण बाजारात आला. साबण स्वस्त, झटपट, आणि रोगराईच्या दिवसांत हात धुण्यासाठी मोलाचा. त्याचे ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण साबण क्षारधर्मी आणि त्वचा आम्लधर्मी. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये त्वचेच्या या आम्ल आवरणाची कल्पना मांडली, तेव्हा चेहऱ्याला साबण लावणे शहाण्यासुरत्या घरांत प्रतिष्ठेचे होऊ लागले होते. वरुडात त्यात पाण्याची भर पडली. संत्र्याच्या बागांनी भूजलाचा इतका उपसा केला की तालुका अतिशोषित ठरला, बोअर खोल खोल गेले, आणि बेसाल्टातले पाणी बहुधा जड असते. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो. तो कातडीवर बसतो, चेहरा ताणल्यासारखा होतो, मग माणूस आणखी साबण लावतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: तेलानेच रंध्रे बुजतात. १९७२ मध्ये क्लिगमन आणि मिल्स यांनी सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांवर लिहिले, आणि चेहऱ्यावर थापलेल्या स्निग्ध पदार्थांकडे तेव्हापासून संशयाने पाहिले जाते. पण त्या निष्कर्षाचा रोख त्वचेवर तासन्‌तास राहणाऱ्या लेपांवर आहे. न्हाणीतले तेल पिठाने काढून टाकले जाते. शिवाय सगळी तेले सारखी नाहीत: तीळ, करडई आणि सरकीच्या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर, खोबरेल तेलात अगदी थोडे, आणि मुरूम असलेल्यांच्या त्वचेतल्या तेलात याच आम्लाचे प्रमाण कमी आढळले आहे. एवढ्यावरून तिळाचे तेल हे औषध ठरत नाही. जुनी निवड आंधळी नव्हती, इतकेच यातून दिसते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: तेल आणि दूध अंगाला लावणे किती घरांना परवडत होते? शेतमजुरांच्या बायकांना रोज तर नाहीच. म्हणून ‘आपल्या आजीची त्वचा नितळ होती’ असे सरसकट विधान मी करणार नाही. वऱ्हाडी उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईच्या गालांना ते सुख कोणी दिले नव्हते. तरी बाळासाठी चमचाभर तेल आणि मूठभर पीठ गरिबाच्या घरीही निघे, आणि क्रमाचे ज्ञान त्या मुठीतूनच पुढे गेले.

उरली संत्र्याची साल. उटण्यात तिला जागा होती ती नागरमोथा, कचोरा, आंबेहळद यांच्या बरोबरीने, थोडी, वस्त्रगाळ, आणि तेल लावलेल्या अंगावर. सालीतले लिमोनीन हवेत राहून बदलले की काही त्वचांना त्याची खाज येते, पुरळ उठते. भरड पूड आधीच फुटलेल्या गालावर तेलाशिवाय घासली तर रंध्रे मोकळी होण्याआधी कातडी सोलवटते, आणि पुढच्या चार दिवसांत गाल आणखी कोरडे पडतात.