व्हिक्टोरिया वूड : कॅन्टीनमधल्या गप्पांना रंगमंचावर नेणाऱ्या विनोदकार

ब्रिटनमधल्या स्टँड-अप कॉमेडीचा विषय निघाला की पुढे येणारी बहुतेक नावं पुरुषांची असतात, आणि तीही लंडनच्या क्लबांत नावारूपाला आलेल्यांची. व्हिक्टोरिया वूड (1953-2016) दोन्ही बाबतींत वेगळ्या. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणगावांतल्या बायका जशा बोलतात, तसं बोलणं हेच त्यांचं भांडवल. ते त्यांनी चाळीस वर्षं वापरलं आणि आपलं जवळपास सगळं साहित्य स्वतः लिहिलं.

जन्म 19 मे 1953, लँकशायरमधल्या प्रेस्टविचचा. बालपण जवळच्याच बेरी गावात गेलं. चार भावंडांत त्या धाकट्या. वडील विमा कंपनीत कामाला, पण फावल्या वेळात लेखन आणि गाणी करायचे. पंधराव्या वाढदिवसाला त्यांनी मुलीला पियानो दिला. त्याच सुमारास व्हिक्टोरिया रॉचडेलच्या युवा नाट्यशाळेत जाऊ लागल्या. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात नाट्यशिक्षण घेतलं.

1974 मध्ये ‘न्यू फेसेस’ या टीव्हीवरच्या स्पर्धेत त्यांनी आपली फेरी जिंकली. आता रांग लागेल असं कुणालाही वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. पियानोवर बसून स्वतःची गाणी म्हणणारी, मधेच स्वतःच्या वजनावरून स्वतःचीच टर उडवणारी मुलगी कुठल्या खणात ठेवायची, हे टीव्हीवाल्यांना कळेना. 1976 मध्ये ‘दॅट्स लाइफ!’ या बीबीसीच्या कार्यक्रमात चालू घडामोडींवर गाणी करायचं काम मिळालं खरं, पण त्यातून पुढची वाट निघाली नाही.

वाट निघाली ती लेखणीतून. 1978 मध्ये लंडनच्या बुश थिएटरच्या एका कार्यक्रमात ज्युली वॉल्टर्स या अभिनेत्रीशी त्यांची पुन्हा गाठ पडली. त्यासाठी वूड यांनी लिहिलेल्या प्रहसनाला लोक खळखळून हसले, आणि शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरने त्यांच्याकडून पूर्ण नाटकच मागितलं. ते ‘टॅलेंट’. एका भिकार नाइटक्लबमधल्या गाण्याच्या स्पर्धेला आलेली मुलगी आणि तिची मैत्रीण, एवढीच गोष्ट. 1979 मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनने त्याचं टीव्ही-नाटक केलं, त्यात दोन्ही मैत्रिणी वूड आणि वॉल्टर्सच होत्या. ही जोडी शेवटपर्यंत टिकली.

खरं घवघवीत यश ‘व्हिक्टोरिया वूड : ॲज सीन ऑन टीव्ही’ (1985-87) या बीबीसीच्या मालिकेचं. तिला बाफ्टा पुरस्कारही मिळाले. तीत ‘एकॉर्न अँटिक्स’ नावाची दैनंदिन मालिकांची नक्कल असायची. वाक्यं विसरणारे नट, चुकलेले कॅमेरे, आणि मोलकरीण मिसेस ओव्हरॉल झालेल्या वॉल्टर्स. याच कार्यक्रमात एक ऐटबाज निवेदिका उत्तरेकडच्या प्रेक्षकांची माफी मागते. प्रक्षेपणात बिघाड झाला म्हणून नव्हे, त्यांना तिकडे राहावं लागतं म्हणून! हा टोला कुणाला लागला हे वेगळं सांगायला नको. ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणणाऱ्या बेळगावकराला पुण्यात काय ऐकावं लागतं, हे आठवलं तर त्यातली गंमत आपल्याला पटकन कळते. फरक एवढाच, की वूड यांनी गावाकडच्या बोलीला कधी हसवलं नाही, त्या बोलीतून हसवलं. पोशाखी माणूस उघडा पडायचा, चहाची किटली धरलेली बाई नाही.

त्यांच्या विनोदाचं तंत्र म्हटलं तर साधं. नुसतं ‘बिस्किट’ न म्हणता कुठलं बिस्किट ते सांगायचं. आजार, कपडे, बसचा नंबर, सगळं नेमकं. 1986 चं त्यांचं गाजलेलं गाणं बॅरी आणि फ्रीडा या नवरा-बायकोचं आहे. बायको रंगात आलेली आणि नवरा एकामागून एक सबबी सांगतोय. घरातल्या साध्यासुध्या वस्तू त्यात अशा यमकांत बसवल्यात, की हसू आवरत नाही.

काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवणाऱ्या पु. लं.चे एकपात्री प्रयोग आपल्याकडच्या जुन्या पिढीला ठाऊक आहेत. लेखक, नट आणि पेटीवाला एकच माणूस. वूड यांचं रंगमंचावरचं काम साधारण त्याच जातीचं, पेटीऐवजी पियानो. 1993 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी 15 प्रयोग केले, 1996 मध्ये पुन्हा तेवढेच. 2001 च्या दौऱ्यात तर स्वतःच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेवरही त्या बोलल्या. हा विषय तेव्हा भर सभागृहात कुणी काढत नसे.

‘डिनरलेडीज’ (1998-2000) हे माझ्या मते त्यांचं सगळ्यात पक्कं काम. मँचेस्टरच्या एका कारखान्याचं कॅन्टीन, तिथे जेवण वाढणाऱ्या बायका, आणि 16 भाग. कॅमेरा त्या कॅन्टीनच्या बाहेर जवळजवळ जातच नाही. भारतीय वंशाच्या शोभना गुलाटी यांचीही त्यात भूमिका आहे. प्रत्येक भाग प्रेक्षकांसमोर दोनदा चित्रित व्हायचा. पहिल्या दिवशी जिथे हशा पडला नाही, तिथली वाक्यं वूड रातोरात बदलायच्या आणि दुसऱ्या दिवशी नटांनी ती नव्याने पाठ करून यायचं. नटांचे हाल व्हायचे, पण बाई ऐकायच्या नाहीत.

2006 मध्ये ‘हाउसवाइफ, 49’ आला आणि ‘नुसती विनोदी’ हा शिक्का पुसला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या उपक्रमासाठी सामान्य लोक रोजनिशी लिहून पाठवत. बॅरो-इन-फर्नेस गावच्या नेला लास्ट या गृहिणीने स्वतःची ओळख ‘गृहिणी, वय 49’ अशी दिली होती. तिच्या रोजनिशीवरून वूड यांनी चित्रपट लिहिला आणि नेलाची भूमिकाही केली. उत्कृष्ट अभिनेत्री आणि उत्कृष्ट टीव्ही-चित्रपट असे दोन बाफ्टा त्याला मिळाले. नवऱ्याच्या धाकात मान खाली घातलेली बाई युद्धकाळातल्या सेवाकामात हळूहळू मान वर करते. हसणं त्यातही आहे, पण दबकं.

1997 मध्ये ओबीई आणि 2008 मध्ये सीबीई हे किताब त्यांना मिळाले. ‘दॅट डे वी सँग’ हे मँचेस्टरमधल्या मुलांच्या 1929 च्या गानवृंदावरचं संगीत नाटक 2011 मध्ये रंगमंचावर आलं. 2014 मध्ये त्याचा टीव्ही-चित्रपट त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केला. 20 एप्रिल 2016 रोजी वयाच्या 62 व्या वर्षी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. तीन वर्षांनी बेरीत त्यांचा पुतळा उभा राहिला, आणि त्यासाठी चाहत्यांनी वर्गणी काढली होती.