सिटी चर्च : पेशवेकालीन पुण्यातील आपला वारसा

पुण्याच्या नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळील निष्कलंक गर्भसंभव मातेचे मंदिर ‘सिटी चर्च’ या नावाने सर्वपरिचित आहे. सवाई माधवराव पेशव्यांच्या सैन्यात कॅथलिक सैनिक होते. त्यांच्या उपासनेसाठी पेशव्यांनी जमीन दिली आणि १७९२ मध्ये येथे प्रार्थनास्थळ सुरू झाले. सध्याची वास्तू १८५२ मधील आहे. पुणे धर्मप्रांत स्थापन झाला तो त्यानंतर, १८८६ मध्ये.

लिमा, क्विटो किंवा जुने गोवे येथील भव्य मंदिरे वसाहतींच्या सत्तेखाली उभारली गेली. आपले हे मंदिर मात्र एका हिंदू राज्यकर्त्याने दिलेल्या भूमीवर उभे आहे. पुण्यावर इंग्रजांचा अंमल येण्यापूर्वी सुमारे पाव शतक येथे कॅथलिक उपासना सुरू झाली होती. पुण्यात आपण इंग्रजांसोबत आलो, असे म्हणणाऱ्यांना आपण हा इतिहास कृतज्ञतेने सांगितला पाहिजे.