अलीकडच्या काठावरचा किल्ला

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरी एका प्रवासाची आखणी सुरू झाली. रेवस ते रेडी हा कोकणचा सागरी मार्ग जिथे संपतो, तिथून पुढे तेरेखोलची खाडी फेरीबोटीने ओलांडून गोव्यात उतरायचे, असा मुलाचा बेत. यवतमाळच्या माणसाला समुद्र मुळात दूरच. त्यातून गाडी होडीत चढवायची ही कल्पना मला फारशी रुचली नव्हती. आत आरोंदा-किरणपाणीला पूल असल्याचे मी सुचवले. पण आई म्हणाली, "पुलावरून त मी इतकी वर्षं जाऊनच राह्यली. मले पूल नसलेल्या वाटेनं जायचं हाय."

आईच्या या हट्टामागे एक नदी आहे. तिचे माहेर पैनगंगेपलीकडे, नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात. अलीकडे आमचा उमरखेड तालुका. आज दोन्ही काठ एकाच राज्यात आहेत आणि मोटार काही मिनिटांत पलीकडे जाते. परंतु आईच्या लहानपणी ही नदी दोन राजवटींची शीव होती. १९४८च्या पावसाळ्यात, रझाकारांच्या धास्तीने गाव सोडताना, नऊ वर्षांची ती रात्री डोंग्यातून अलीकडे आली. त्या रात्रीचे तिला दोनच तपशील आठवतात. भोयाने कंदील विझवायला लावला होता, आणि आजीने धाकट्या मामाच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

प्रवासाच्या निमित्ताने मी या दोन पाण्यांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचू लागलो.

२१ मे १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. इंग्रजी फौजेच्या खर्चाची थकबाकी हे त्याचे कारण. तेव्हापासून पैनगंगेच्या उत्तरेला इंग्रजी अंमल आणि दक्षिणेला निजामी, अशी विभागणी रुळली. नावापुरते मात्र वऱ्हाड निजामाचेच राहिले. १९०२ मध्ये ते कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेले, तरी १९३६ पासून निजामाच्या वारसाला 'वऱ्हाडचा राजपुत्र' हा किताब होताच. म्हणजे आमचा काठ किताबात निजामाचा, आणि कारभारात इंग्रजांचा.

लोकांना ही सीमा जाणवे ती बाजारात. पलीकडे निजामाचा हाली सिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. मालावर जकात घेणारे निजामाचे खाते 'करोडगिरी' या नावाने ओळखले जाई. आणि तरीही सोयरिकी नदी ओलांडून होतच राहिल्या. उन्हाळ्यात लोक उतारावरून चालत जात, पावसाळ्यात डोंगा असे. प्रवाशाला आपण 'उतारू' म्हणतो, त्या शब्दात हा नदीचा उतार अजून शिल्लक आहे. हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्यात सरहद्दीवर कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या, त्यात उमरखेडचा परिसरही होता. त्यामुळे नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या आईच्या घरच्यांना अलीकडचा काठ परका वाटला नाही. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती पत्करली आणि दिवाळीपूर्वी ती माणसे परत गेली.

आता तेरेखोल. नकाशा पाहताना मुलगा गोंधळला. "बाबा, खाडी ही सीमा असेल तर किल्ला अलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला आहे. मग तो गोव्याचा कसा?" प्रश्न रास्त होता. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात बांधलेला हा किल्ला खाडीच्या मुखाशी, उत्तर काठावर आहे. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला. पलीकडचा, दक्षिण काठावरचा पेडणे महाल त्यांच्याकडे आला तो नंतर, १७८८ मध्ये. तेव्हापासून खाडीच्या मुखाचे दोन्ही काठ त्यांच्या हाती गेले. आत येणारे प्रत्येक गलबत त्यांच्या तोफेच्या टप्प्यातून जाणार, हे या जागेचे मोल. नदीला आपण सीमा म्हणतो खरे, पण राज्यकर्त्यांनी अशा ठिकाणी तिच्याकडे कुंपण म्हणून पाहिले नाही. ती त्यांना दार वाटली, आणि दाराची कडी आपल्या हाती असावी म्हणून त्यांनी समोरच्या काठावरही पाय रोवला.

विसाव्या शतकात हाच किल्ला उलट बाजूने महत्त्वाचा ठरला. भारतीय हद्दीतून पाणी न ओलांडता गाठता येणारा हा गोव्याचा तुकडा. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोव्याचे सत्याग्रही किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला देशभरातून आलेले सत्याग्रही अनेक ठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत गेले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला. तेरेखोलला हिरवे गुरुजींना हौतात्म्य आले. त्यानंतर सरहद्द बंद झाली आणि १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त होईपर्यंत सीमेवरच्या घरांची ताटातूट सुरू राहिली. पैनगंगेच्या काठाने सात वर्षांपूर्वी जे सोसले होते, तेच आता या खाडीच्या वाट्याला आले.

१६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला. त्यामुळे तेरेखोलची जुनी रेघ कायम राहिली. पोर्तुगीज गेले, पण त्यांनी १७४६ मध्ये रोवलेला पाय नकाशावर तसाच आहे. तेरेखोल गावच्या माणसाला आपल्याच पेडणे तालुक्यात जायचे तर एक तर शेजारच्या राज्यातून वळसा घ्यायचा, नाहीतर केरीची फेरीबोट धरायची. गोव्याच्या नदी परिवहन खात्याची ती फेरीबोट पर्यटकांना गंमत वाटते. गावाला मात्र ती रोजची वाट आहे.

हे सारे वाचून झाल्यावर मी पुलाचा आग्रह सोडला आणि आखणी हाती घेतली. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. ओहोटीला पाणी उतरले की बोटीची अडचण होते, म्हणून भरतीची वेळ साधायला हवी. कोकणात तिचा हिशेब पंचांगावरून करतात. तिथीला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे, की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. जागेप्रमाणे तासभर मागेपुढे धरायचे. पैनगंगेच्या पाण्याला असले वेळापत्रक नाही. तिथे फक्त पूर येतो आणि ओसरतो.

कार्तिक शुद्ध द्वितीयेला, भाऊबीजेला, निघावे असे मुलाचे म्हणणे होते. आईने ते साफ मोडीत काढले. त्या दिवशी ती मामाकडेच जाणार. तोच धाकटा मामा, आता ऐंशीच्या घरातला. मग मार्ग तिथूनच आखला. द्वितीयेला पैनगंगा ओलांडून मामाकडे, तृतीयेला सोलापूर, चतुर्थीला सावंतवाडी, पंचमीला तेरेखोल. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. त्याआधी, दोन-अडीचच्या सुमारास, गाडी धक्क्यावर लावायची.

मामाला फोनवर बेत सांगितला. त्याने आधी आईची तब्येत विचारली, मग गाडीत किती जागा आहे ते विचारले. थोडा वेळ थांबून म्हणाला, "त्या बोटीत दिवसाढवळ्या बसायचं असते ना?" मी हो म्हणालो. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला सांगितले, "जागा हाय. स्वेटर घेऊन ये."