घाण्याचे तेल आणि ताऱ्यांची तबकडी

ताऱ्यांच्या कक्षा वाटोळ्या की लांबट, याच्याशी कामकऱ्याला काय करावयाचे, असे आम्हांला पुष्कळदा विचारण्यात येते. उत्तर सटाण्यापासून फार दूर नाही. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला मिळालेल्या दानाचा हा १२०७ सालचा लेख. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ या मठात शिकवावयाचा होता. लेखाच्या अखेरीस मराठी ओळी आहेत. बाजारातील गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यावा आणि दर घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, असे त्या सांगतात.

त्या तेलाच्या आधारावर काय शिकवीत? ग्रहाची गती कमीजास्त होते, म्हणून त्याच्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीपासून बाजूला घ्यावयाचा. अशा ढळलेल्या वर्तुळाला प्रतिवृत्त म्हणत आणि त्याच्या सर्वांत दूरच्या बिंदूला उच्च. हे उच्चही सरकते. चंद्राचे सुमारे ९ वर्षांत एक फेरी पुरी करते. पुढे १६०९ साली केप्लरने ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार ठरविली. काही तारे जोडीने परस्परांभोवती फिरतात, हे १८०३ साली हर्शेलने दाखविले.

अशा काही जोड्यांभोवती वायूची तबकडी असते. मधली जागा जोडी मोकळी करते. काठावरचा वायू एखाद्या बाजूने थोडा आत आला की तारे त्याची धार ओढतात. त्यातील काही वायू ते परत भिरकावतात आणि तो समोरच्या काठावर आदळतो. असे धक्के बसत राहिले की लहानसा बाक वाढत जातो. जोडीची स्वतःची कक्षा वाटोळी असली तरी हे घडते, असे २००८ साली मॅकफेडियन व मिलोसाव्ह्लेविच यांना संगणकावरील गणितात आढळले.

पण हा बाक टिकतो कसा? प्रत्येक कडे सुटे असते, तर आतल्याचे उच्च झपाट्याने फिरले असते, बाहेरचे मागे पडले असते आणि परस्परांत घासून सारा बाक जिरला असता. वायूला दाब असतो, म्हणून शेजारची कडी एकमेकांना धरून ठेवतात. सर्वांची उच्चे एका दिशेस राहतात आणि मिळून सावकाश फिरतात. एकट्या कड्याला जे साधत नाही, ते साऱ्यांना मिळून साधते.

पाटणच्या तेल्याने तेल मोजून दिले, तेव्हा मठातला पाठ त्याच्या कानी पडला असेल असे वाटत नाही. त्याच्या वारसांना तो आज सोप्या मराठीत सांगणे, हे काही त्यांच्यावर उपकार नव्हेत. जुन्या देण्याची ती फेड आहे.