नट गॉफची प्रतिज्ञा

मद्यपाननिषेधाच्या इतिहासांत जॉन गॉफ याचें चरित्र आम्हांस विशेष मननीय वाटतें. इंग्लंडांत १८१७ सालीं जन्मलेला हा पुस्तकबांधणीचा कारागीर अमेरिकेंत विनोदी नट झाला. मद्यनिषेधकांची टर उडविणाऱ्या एका प्रहसनांतही त्यानें काम केलें. पुढें पत्नी व तान्हें मूल वारलें, दारू सुटेना. १८४२ सालीं एका अपरिचितानें खांद्यावर हात ठेविला, आणि गॉफनें प्रतिज्ञापत्रावर सही केली. १८४५ सालीं न्यूयॉर्कांत तो पुन्हां घसरला. ईश्वरी कृपेवांचून नुसती सही टिकत नाहीं, हें तो उघड सांगे. व्यासपीठावर दारुड्याची नक्कल करून तो श्रोत्यांस आधीं हंसवी, मग रडवी. १८८६ सालीं व्याख्यान देतांनाच त्यास मरणाचा झटका आला. ख्रिस्तभक्तीनें त्याची नटकला हिरावली नाहीं. तिचा धनी तेवढा बदलला.