धाराशिवच्या काळ्या रानातील मूग

प्राचीन तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडासाठी नोंदले गेले. शेतकऱ्याच्या ताटातील कडधान्याची दखल घेण्याचे परदेशी व्यापाऱ्याला अर्थातच कारण नव्हते. मूग मात्र दख्खनमध्ये त्या नोंदीहून पुरातन आहे, कारण शेजारच्या कर्नाटकातील बळ्ळारी भागातल्या नवाश्मयुगीन वसाहतींत, म्हणजे सुमारे 4000 वर्षांपूर्वी, तो कुळथासोबत पिकत असे.

अवर्षणप्रवण धाराशिव जिल्ह्यात मूग टिकला तो चवीपेक्षा वेळापत्रकामुळे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. मृगाच्या पावसावर पेरलेला मूग साधारण 60 ते 70 दिवसांत काढणीस येतो, मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र घेतो आणि त्याच रानात रब्बीची ज्वारी पेरण्यास पुरेसा अवधी ठेवतो. हाच जोड ताटातही उतरला: ज्वारीत कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल मुगात विपुल असते, तर मुगात उणी असलेली गंधकयुक्त अमिनो आम्ले ज्वारीतून मिळतात, त्यामुळे भाकरी आणि येसूर (भाजलेली धान्ये व मसाले यांची पूड) घातलेली मुगाची आमटी परस्परांची उणीव भरून काढतात. शंभर ग्रॅम मुगात सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. मोड आणल्यावर त्यात ‘क’ जीवनसत्त्व वाढते आणि पोटात वायू धरवणाऱ्या शर्करा घटतात. चरकसंहितेने शेंगांतील धान्यांत मुगाला सर्वाधिक पथ्यकर ठरविले असून, आजाऱ्याला मऊ खिचडी किंवा मुगाचे कढण देण्याची रीत त्याच परंपरेतील आहे.

अलीकडच्या दशकांत सोयाबीनने खरिपातील मुगाची बरीच जागा व्यापली, परंतु ते मुख्यतः तेलगिरण्यांकडे जाणारे पीक असल्याने घरच्या कणगीतील मुगाची जागा त्याला घेता आलेली नाही.