५० वॉटचं कोडं आणि फाटलेला बेस

कार स्टिरिओच्या बऱ्याच खोक्यांवर एक आकडा ठळक छापलेला असतो: ५० वॉट × ४. चार स्पीकर, प्रत्येकाला पन्नास वॉट. मला हा आकडा फार दिवस खुपत होता. म्हणून एकदा कागद घेऊन बसलो.

इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. कार स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. व्होल्टेजचा वर्ग करा, ओहमने भागा. १४.४ गुणिले १४.४, भागिले ४. उत्तर येतं ५१.८४. आकडा जुळला! कंपनी खोटं बोलत नाही म्हणायची.

थांबा जरा. हे उत्तर कधी खरं असतं? स्पीकरवर सतत पूर्ण व्होल्टेज असेल तेव्हा. सूर तसा वागत नाही. त्याची लहर चढते, शेंड्याला पोचते, उतरते. अशा स्वच्छ लहरीला त्याच्या निम्मीच ताकद मिळते, म्हणजे २६ वॉटच्या आत. सर्किटमधली गळती वजा केली की हातात वीसेक वॉट उरतात. मग पन्नास कधी मिळतात? आवाज इतका वाढवल्यावर, की लहरीच्या शेंड्या छाटल्या जातात आणि ती जवळजवळ चौकोनी होते. यालाच क्लिपिंग म्हणतात. आपल्या भाषेत, आवाज फाटतो. थोडक्यात, खोक्यावरचा तो आकडा फाटलेल्या आवाजाचा आहे.

हे असं का झालं, ते समजायला १९३० सालापर्यंत मागे जावं लागतं.

शिकागोचे पॉल आणि जोसेफ गॅल्विन हे भाऊ घरगुती रेडिओसाठी बॅटरी एलिमिनेटर बनवत. मंदी आली, धंदा बसला. तेव्हा त्यांनी मोटारीत बसेल असा रेडिओ केला आणि जून १९३० मध्ये पॉल तो गाडीत घालून थेट अटलांटिक सिटीच्या रेडिओ अधिवेशनाला गेला. आत स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. त्याने गाडी बाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. किंमत ११० ते १३० डॉलर.

त्या काळी बेसची तक्रार करायला बेस होताच कुठे? मोठं भांडण इंजिनच्या ठिणग्यांशी होतं, त्यांची खरखर रेडिओत यायची. दुसरं भांडण विजेशी. व्हॉल्व्हना शेकडो व्होल्ट लागायचे आणि गाडीच्या बॅटरीत होते सहा. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी गाड्या १२ व्होल्टवर आल्या. पुढे ट्रान्झिस्टर आले, डबे लहान झाले, पण बॅटरी बाराच व्होल्टची राहिली. आज तुमच्या स्टिरिओची कुंपणं त्याच बॅटरीने घातलेली आहेत.

दुसरं कुंपण हवेचं. आज आपण वापरतो तसा कोन आणि कॉइलचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. त्यातला एक नियम फार कडक आहे. सूर एक सप्तक खाली न्यायचा आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर कोनला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा कोन ४० हर्ट्झला चार मिलिमीटर हलायला हवा. दाराच्या पत्र्यात बसवलेल्या सहा इंची स्पीकरकडे एवढी जागा नसते. कोन टोकाला जाऊन अडतो आणि वीज शिल्लक असूनही आवाज फाटतो.

खोका कसा असावा याचं उत्तरही हळूहळू आलं. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी लहान, हवाबंद खोक्यातून खोल बेस काढून दाखवला. आत कोंडलेली हवाच त्यांनी स्प्रिंगसारखी वापरली. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी भोक असलेल्या खोक्यांचं गणित छापलं. १९७१ मध्ये ते अमेरिकी नियतकालिकात पुन्हा छापलं गेलं आणि सिडनीच्या रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. आज वूफरच्या माहितीपत्रकावर छापलेले बारीक आकडे या दोघांच्या नावाने ओळखले जातात. ते कुणी वाचत नाही. आपण वॉट वाचतो.

तिसरं कुंपण आपल्या कानाचं. १९३३ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं, की हळू आवाजात माणसाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. त्यात गाडीच्या टायरांची घरघरही खालच्याच सुरांची, ती बेस झाकून टाकते. म्हणून आपला हात आपोआप बेस बूस्टकडे जातो. पण १० डेसिबल बूस्ट म्हणजे दहापट वीज. आधी दोन वॉट लागत होते तिथे आता वीस. सगळी शिल्लक एका बोटात संपली.

मग कंपन्यांनी काय केलं? आकडे वाढवले. घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या वॉटची फेकाफेक इतकी झाली, की १९७४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाला नियम करावा लागला. तो नियम घरच्या उपकरणांपुरता होता, गाडी त्यातून सुटली. कार अ‍ॅम्प मोजण्याची एक सामायिक पद्धत उद्योगाने ठरवली ती २००३ मध्ये: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती एक टक्क्याच्या आत. तीही ऐच्छिक. म्हणून खोक्यावर ठळक ‘मॅक्स’ आणि खाली बारीक अक्षरात ‘आरएमएस’ अशी जोडी दिसते. खरं काय ते बारीक अक्षरात.

हा इतिहास मी शोधत बसलो त्याला कारण होतं. आजोबा आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांच्या वादनाची एकच कॅसेट उरली होती, ती चुलतभावाने फोनवर उतरवून दिली. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात. वजन वाढलं की सूर खाली उतरतो. जड कोनचा वूफर खाली उतरतो तो याच न्यायाने. आजोबा चिमूटभर कणीक काढत, लावत, परत थाप देऊन बघत. माझ्या जुन्या, सेकंडहँड गाडीत मात्र ती थाप ऐकू येत नव्हती. प्रत्येक ‘धा’ला भर्रर्र असा आवाज, पत्र्याच्या डब्यावर मारल्यासारखा.

दोन दुकानांनी सबवूफर आणि अ‍ॅम्पचा खर्च सांगितला. तिसरीकडे एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांनी गाणं लावायलाही सांगितलं नाही. आधी बेस बूस्ट शून्यावर आणला. फोनवरचा इक्वलायझर बंद करायला लावला. मग दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवला. एक कोन बाहेर आला, दुसरा आत गेला.

“दादा, हे बघा. एकाची तार उलटी आहे. हा ढकलतोय, तो ओढतोय. बेस राहणार कुठून? आणि बेस नाही म्हणून आधीच्या मालकाने सगळं फुल्ल करून ठेवलेलं.”

त्यांनी तार फिरवली. दाराच्या आतलं सुटलेलं प्लॅस्टिक फोमच्या पट्टीने दाबलं. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये ८० हर्ट्झखालचे सूर दारातल्या स्पीकरना जाणार नाहीत असं केलं. एवढंच.

“नवीन काही घ्यायचं का, काका?”

“आत्ता नको. आधी ऐका महिनाभर.”

मी गाडीतच आजोबांची कॅसेट लावली. घुमारा खूप खोल गेला असं म्हणणार नाही, ८० च्या खालचं बरंचसं गेलंच. पण कणकेची थाप आणि शाईची थाप वेगवेगळी कळत होती. हात ओळखू येत होता.

मिस्त्रींनी दोनशे रुपये घेतले. तिथून निघताना मला त्या खोक्यावरच्या आकड्याचं उत्तर मिळालं. फाटलेल्या बेसची दुरुस्ती बहुतेक वेळा काहीतरी कमी करण्यात असते: बूस्ट कमी, गेन कमी, स्पीकरवरचा बोजा कमी. आणि कमी करण्याचे पैसे कुणाला फारसे मिळत नाहीत. वाढवण्याचे मिळतात. म्हणून शंभर वर्षांत गणित इतकं पुढे गेलं, तरी दुकानात पहिला प्रश्न ‘किती वॉटचा?’ हाच येतो.

तुमच्या गाडीत आवाज फाटत असेल, तर आधी बूस्ट शून्यावर आणा. तरीही फाटला तर आवाज निम्मा करा. निम्म्यावर स्वच्छ आला, तर तुमचं यंत्र ठीक आहे, फक्त ते त्याच्या कुंपणाला धडकतंय. निम्म्यावरही फाटला तर तार, पत्रा किंवा कोन तपासा. हे सगळं झाल्यावरच पाकीट काढा. आणि काढलंच, तर बारीक अक्षरं वाचा.